बारा दिवस लांबवलेली सही

मी, केदार अनंत खांबेटे, वय सत्तावन्न, धंदा कवळ्या आणि कृत्रिम दात तयार करण्याचा, राहणार कोथरूड, पुणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवत आहे. माझी प्रकृती ठीक आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही की भरीस घातलेले नाही. मी घाबरलेलो मात्र आहे. आमच्या वकील चैतालीबाई यांना मी विचारले की घाबरलेल्या माणसाचे मृत्युपत्र कायद्याला चालते का. त्या माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत. म्हणाल्या, "काका, दुसऱ्याने घाबरवलेलं चालत नाही. स्वतःचं स्वतः घाबरलेलं चालतं." तेव्हा पुढे लिहितो.

घाबरण्याचे कारण असे. पुढच्या रविवारी, २२ फेब्रुवारीला, मी पोर्तुगालमधल्या ब्रागा नावाच्या शहरात जाणार आहे. तिथली कवळ्या बनवणारी एक चालू लॅब मी विकत घेतली आहे. जाणार आहे एकटा. ज्यांची ती होती ते गृहस्थ सहा महिने माझ्या शेजारी बसून मला सगळे समजावून देणार होते. ते आता हयात नाहीत. तिथली भाषा मला येत नाही. गेले चार महिने रोज सकाळी वही घेऊन बसतो, तीनशे शब्द पाठ केले आहेत, आणि कोणी समोर उभे राहिले की त्यांतले दोन आठवतात: 'दात' आणि 'माफ करा'. एवढ्या भांडवलावर धंदा होत असेल तर मला काही म्हणायचे नाही.

मला तिकडे काही झाले तर इथे घोळ नको, म्हणून हे लिहितो. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. यापूर्वी मी काही धाडसच केलेले नव्हते, त्यामुळे गरज पडली नाही.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी पत्नी सुरुची हिने करावी. ती तीस वर्षे शाळेत गणित शिकवत होती. तिला हिशेब येतो आणि नातेवाइकांना गप्प बसवता येते. दुसऱ्या कोणाची गरज नाही.

कलम २. कोथरूडचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट माझ्या आणि सुरुचीच्या नावावर आहे. माझा निम्मा हिस्सा सुरुचीला मिळावा. ब्रागाच्या खरेदीसाठी काढलेले कर्ज याच फ्लॅटवर आहे, त्याचा विमा काढला आहे, कागद कपाटात डाव्या हाताच्या खणात आहेत. बँकेत सही करताना सुरुची मला म्हणाली होती, "अहो, घर गेलं तर आपण भाड्याने राहू. पण तुम्ही ते तोंड पाडून बसणं सोडा." तिने सही केली आणि मग मी केली. तिच्या सहीला एक क्षण लागला. माझी बघून बँकेतल्या मुलीने मला पाणी आणून दिले.

कलम ३. माझी आई कुसुम अनंत खांबेटे, वय चौऱ्याऐंशी, हिला ती हयात असेतोवर सदर फ्लॅटमधल्या पश्चिमेकडच्या खोलीत विनाअडथळा राहण्याचा हक्क राहील. तो कोणीही, कोणत्याही कारणाने काढून घेऊ नये.

कलम ४. नारायण पेठेतली लॅब माझ्या वडिलांनी, अनंत खांबेटे यांनी, १९६८ साली सुरू केली. जागा भाड्याची आहे, ती देण्याचा मला अधिकार नाही. मालकांशी तोंडी बोलणे झाले आहे. आतले सर्व सामान, मेण वितळवायची भांडी, पॉलिशची मोटर, दातांच्या रंगांचे नमुने आणि 'खांबेटे' हे नाव मी उत्तरेश्वरला देत आहे. उत्तरेश्वर बावीस वर्षांपूर्वी धाराशिवहून आला आणि आज त्याचा हात माझ्याहून चांगला आहे. हे त्याला मी कधी सांगितलेले नाही. सांगितले असते तर त्याने दुसरी नोकरी शोधली असती.

वडिलांनी वापरलेला पितळी सांगाडा, ज्यावर वरचा आणि खालचा साचा बसवून जबड्यासारखी उघडमीट करून बघता येते, तोही उत्तरेश्वरलाच. मी तो बरोबर नेणार होतो. पण उत्तरेश्वरने त्याच्याकडे ज्या तऱ्हेने पाहिले त्यावरून नेववला नाही. सांगाडा पुसता पुसता त्याने मला विचारले, "दादा, तिकडच्या लोकांची तोंडं येगळी असतील का हो?" मला हसू आले. मग दिवसभर तोच विचार डोक्यात राहिला. माणसाची तोंडे सगळीकडे सारखीच असतात हे मला माहीत आहे. पण कवळी बसवल्यावर माणूस जे बोलतो ते सारखे नसते, आणि मला त्यावरूनच कळते की कुठे टोचते आहे. इथला आजोबा 'स' म्हणताना शिट्टी वाजवतो आणि मी कानस उचलतो. तिथे कोणता माणूस मुळातच शिट्टी वाजवतो आणि कोणता माझ्यामुळे, हे मी कसे ओळखणार?

कलम ५. ब्रागाची लॅब. ही मी कशी आणि का घेतली हे माझ्या भावकीत नीट कोणाला माहीत नाही. जी माहिती फिरते आहे त्यात मी तिकडे हॉटेल काढतो आहे असेही आहे. म्हणून लिहितो.

आपल्याकडे आता दात छापून येतात. डॉक्टर पेशंटच्या तोंडात कॅमेरा फिरवतात, माप यंत्राकडे जाते, दोन दिवसांत दात तयार. दात चांगले असतात, त्याबद्दल तक्रार नाही. माझ्याकडे उरले ते हिरडी पार झिजलेले, ज्यांची कवळी यंत्राला जमत नाही असे म्हातारे. ते दरवर्षी कमी होतात.

माझी मुलगी तनया ब्रागाच्या विद्यापीठात दोन वर्षे शिकत होती. तिची खोली एका लॅबच्या वरच्या मजल्यावर होती. तिने एकदा फोन केला, "बाबा, खाली एक आजोबा आहेत. दिवसभर मेण तापवतात आणि स्वतःशी पुटपुटतात. अगदी तुम्हीच." त्यांचे नाव आर्मिंदो. वय अठ्ठ्याहत्तर. एकुलती मुलगी फ्रान्सला, तिला या धंद्यात रस नाही. त्यांना लॅब विकायची होती, पण सगळे साचे फेकून देऊन यंत्र मांडणाऱ्याला नाही. हाताने काम करणारा माणूस हवा होता.

मागच्या मे महिन्यात मी नऊ दिवस जाऊन आलो. आर्मिंदोंनी मला एक साचा दिला, मेण दिले आणि दात मांडायला बसवले. मी मांडले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिले, वरचा एक पुढचा दात उपटला आणि किंचित वाकडा बसवला. मग काहीतरी बोलले. त्यांच्या मदतनीस फातिमाबाईंना इंग्रजी येते, त्यांनी सांगितले, "ते म्हणतात, या वयाच्या बाईचे दात इतके सरळ नसतात. तिला नवरासुद्धा ओळखणार नाही." हेच वाक्य मी उत्तरेश्वरला बावीस वर्षे सांगत आलो आहे. मला तिथेच रडू आले. आर्मिंदोंना वाटले, त्यांनी दात काढला म्हणून. त्यांनी घाईघाईने तो परत सरळ केला.

(फातिमाबाई हे नाव ऐकून शेजारचे तसबिरींच्या फ्रेमा करणारे शकील तांबोळी खूश झाले होते. बाई ख्रिस्ती आहेत, हे कळल्यावरही ते खूशच आहेत. म्हणतात, "केदारराव, नाव तरी ओळखीचं निघालं ना, बास.")

तर मी विकत काय घेतले? दोन बाके. एक पॉलिशची मोटर, आमच्याहून जुनी. गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना पाठ असलेला फोन नंबर. फातिमाबाईंची नोकरी, कारण माझ्या पस्तीस वर्षांच्या अनुभवाचा तिथे अजून कागद झालेला नाही आणि लॅब चालते ती त्यांच्या परवान्यावर. त्या उद्या म्हणाल्या की मला नको हा माणूस, की मी दोन बाकांचा आणि एका मोटरचा मालक. आणि भिंतीभर फळ्यांवर मांडलेले चारशे साचे. चारशे माणसांचे जबडे. कोणाची कोणती बाजू दुखते, कोण रात्री कवळी काढत नाही, कोणाला मोठी जीभ आहे, हे सगळे आर्मिंदोंच्या डोक्यात होते. सही झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ते एकेक साचा हातात घेऊन ती माहिती फातिमाबाईंना उतरवून देणार होते.

मी मेल्यास ही लॅब तनयाला मिळावी. तिने ती चालवू नये. तिने ती फातिमाबाईंना, त्यांना झेपेल त्या किमतीला आणि त्यांना झेपेल तितक्या हप्त्यांनी द्यावी. कर्जाचे विम्यातून भागेल. साचे कोणी फेकू नयेत, निदान त्या त्या माणसाला विचारल्याशिवाय.

कलम ६. एक डॉक्टर आहेत, नाव लिहीत नाही. एकोणीस वर्षे त्यांनी मला काम दिले आणि विसाव्या वर्षी मोबाइलवर अंगठ्याचे चित्र पाठवून बंद केले. मी विचारले होते, "डॉक्टर, यापुढे काम यंत्राकडेच का?" त्यावर अंगठा. लॅबमध्ये खालच्या फळीवर त्यांच्या स्वतःच्या जबड्याचा साचा आहे. तो त्यांना सन्मानाने परत करावा. त्यांचे वरचे सहा दात माझे आहेत हे त्यांच्या पेशंटांना माहीत नाही आणि माझ्याकडून ते कळणार नाही. ही माझी त्यांना भेट समजावी.

कलम ७. हे कलम लिहिण्यासाठीच आधीची सहा लिहिली, असे म्हटले तरी चालेल.

लॅबच्या खरेदीची सही १० सप्टेंबर २०२५ रोजी ठरली होती. तनया आता नोकरीसाठी डेन्मार्कला असते. माझ्या वतीने ती ब्रागाला जाऊन नोटरीसमोर सही करणार होती. तिने रजा टाकली होती. विसार देऊन झाला होता. आणि १० सप्टेंबर पितृपक्षात येत होता.

मी पितृपक्ष मानत नाही. माझे वडील जाऊन अकरा वर्षे झाली, एकदाही त्यांच्या तिथीला मी पाटावर बसलेलो नाही. त्यांनाही ते आवडत नसे. पण तारीख जवळ आली तसे माझे कामात लक्ष लागेना. लॅबमध्ये हातातले मेण थंड होऊन जायचे तरी मी तसाच बसलेला असे. आपण काय करून बसलो, हे कसे थांबवता येईल, एवढेच डोक्यात. थांबवायचेही नव्हते. फक्त आज नको होते.

आईकडे दिनदर्शिका असते. पितृपक्षात ती केरसुणीसुद्धा विकत घेत नाही. मी तिच्या खोलीत गेलो आणि तारीख सांगितली. तिने पान उलटून पाहिले. मला वाटले आता ती नको म्हणेल आणि मी सुटेन. आई म्हणाली, "पितृपक्ष आहे रे. पण असू दे. तुझ्या बाबांनी जन्मात कुणाचं काम अडवलं नाही. मेल्यावर कशाला अडवतील? कर सही."

मी तिच्या खोलीतून निघालो आणि स्वयंपाकघरात जाऊन सुरुचीला म्हणालो, "आई नको म्हणते आहे. पितृपक्ष आहे म्हणे."

त्या दोन खोल्यांमध्ये पंधरा पावले आहेत. पंधरा पावलांत मी हे केले.

सुरुची चिडली. म्हणाली, "त्यांना समजवा." मी म्हणालो, "तिचं वय बघ." मग मी आर्मिंदोंना पत्र लिहिले, की आमच्याकडे हा पंधरवडा मेलेल्या माणसांचा असतो, त्यात नवे काही करत नाहीत, माझ्या वृद्ध आईची इच्छा आहे, तरी आपण २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, सही करू. फातिमाबाईंच्या हातून त्यांचे एका ओळीचे उत्तर आले: 'मेलेल्यांसाठी मी थांबतो.'

१९ सप्टेंबरला, शुक्रवारी, दुपारचे जेवण झाल्यावर आर्मिंदो बाकाशी बसल्या जागी गेले. नऊ दिवसांत पन्नास साच्यांची माहिती तरी उतरवून झाली असती. एकाचीही झाली नाही, कारण सही झाली नव्हती.

पुढे फातिमाबाईंचे पत्र आले. त्यात होते की माझे पत्र मिळाल्यावर आर्मिंदोंनी तनयाकडून माझ्या वडिलांचे नाव मागवून घेतले होते. १४ तारखेच्या रविवारी ते चर्चमध्ये गेले आणि माझ्या वडिलांच्या नावाने त्यांनी मेणबत्ती लावली. 'अनंत' हे नाव त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून ते कागदावर लिहून नेले होते. माझ्या बापासाठी त्या पंधरवड्यात एका परक्या माणसाने एवढे केले. मी काही केले नाही. मी त्याच्या नावाने खोटे बोललो.

डिसेंबरात आर्मिंदोंच्या मुलीने आहे तशी लॅब माझ्या नावावर करून दिली. कोणी शिकवणार नाही, कोणी सांगणार नाही, आहे ते घ्या. विसार सोडून मागे फिरावे असे मला रोज वाटत होते. पण चर्चमधली ती मेणबत्ती आठवली की फिरता येत नव्हते.

आर्मिंदो गेल्याचे कळले त्या दिवशी जेवताना सुरुची आईला म्हणाली, "तुमच्या पंचांगापायी झालं हे, आई." मी समोर बसलो होतो. आईने माझ्याकडे पाहिले. मी ताटात पाहिले. आईने उठून हात धुतले.

तेव्हापासून पाच महिने आमच्या घरात दोन बायका एकमेकींशी कामापुरते बोलतात. "गोळी घेतलीत?" "घेतली." आई साडेअकराला एकटीच जेवून घेते. सुरुची दीडला. मधल्या वेळात मी लॅबमध्ये असतो, म्हणजे पळालेला असतो. आणि आता पुढच्या रविवारी मी आणखी लांब पळणार आहे, आणि त्या तीन खोल्यांत या दोघी, मधे माझे खोटे ठेवून, समोरासमोर राहणार आहेत. तिकडे जाऊन लॅब बुडेल याची मला भीती वाटते. घर जाईल याची वाटते. परक्या गावात कवळी घासता घासता मरेन याची वाटते. पण पहाटे जाग येते ती याच्या भीतीने, की मी तिकडे असताना आई जाईल आणि सुरुचीच्या मनात ती दोषी म्हणूनच जाईल.

म्हणून लिहून ठेवतो की, माझी आई कुसुम अनंत खांबेटे हिने सही पुढे ढकलायला कधीही सांगितलेले नव्हते. उलट कर म्हणून सांगितले होते. तिचे नाव मी पुढे केले, कारण मला भीती वाटत होती आणि भीती वाटते असे म्हणायची त्याहून जास्त भीती वाटत होती. या कलमाची एक प्रत सुरुचीने तनयाला द्यावी.

कलम ८. मी तिकडे मेलो तर तिकडेच काय ते करावे. पुरले तरी चालेल. देह आणण्याच्या भानगडीत कोणी पडू नये. कोणाला तिकीट काढायचेच असेल तर मी जिवंत असताना काढावे.

पुरवणी. वरील आठ कलमे मी शनिवारी, १४ फेब्रुवारीला, लॅबमध्ये बसून लिहिली आणि चैतालीबाईंना वाचायला दिली. त्यांनी सातवे कलम दोनदा वाचले. मला वाटले, म्हणतील की हे मृत्युपत्रात बसत नाही. त्या म्हणाल्या, "काका, बसतं. पण हे उघडेल तेव्हा तुम्ही नसाल. आणि तोवर आजी असतील का?"

मी त्यांची फी विचारली.

रविवारी महाशिवरात्र होती. उपासाला आमच्याकडे सगळे एकत्र बसतात, तेवढा नियम सुरुचीने आणि आईने भांडणातही मोडलेला नाही. वरीचा भात आणि दाण्याची आमटी वाढून झाली आणि मी खिशातून कागद काढला. तोंडाने सांगता आले नसते, म्हणून सातवे कलम वाचून दाखवले. पंधरा पावलांपर्यंत आवाज नीट होता. पुढचे कसे वाचले ते आठवत नाही.

सुरुची माझ्याकडे पाहतच राहिली. मग आईकडे वळली. "आई, मग तुम्ही बोलला का नाहीत? पाच महिने?"

आई म्हणाली, "तो बोलेल म्हणून थांबले होते. आणि खरं सांगू का सुरुची, तू माझ्यावर रागावलीस ते बरंच झालं. त्याच्यावर रागावली असतीस तर हा कुठे गेलाच नसता. तुझ्या जोरावर निघालाय तो. मला काय, सासू आहे मी. माझ्यावर एक राग आणखी."

"असं कुठे असतं का आई?" सुरुची म्हणाली. तिने आईच्या पानात बटाट्याची भाजी वाढली. "घ्या. मिरची नाही घातलेली." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमच्याशी मी नंतर बोलेन."

ते नंतर अजून आलेले नाही. गेले दोन दिवस सुरुची माझ्याशी बोलत नाही. आईशी बोलते. काल दोघी खोलीत बसून माझ्या बॅगेत कोणते स्वेटर घालायचे यावर वाद घालत होत्या आणि मला कोणी विचारले नाही. माझी भीती गेली, असे कोणी समजू नये. ती आहे तेवढीच आहे. फक्त पहाटेची राहिली नाही, दिवसाची आहे.

आज मंगळवार, माघ अमावास्या. सही आज करायची हे मी ठरवले. चैतालीबाई म्हणाल्या, उद्या केली तरी चालेल. मी म्हणालो, नको, आजच.

साक्षीदारांबद्दल एक खुलासा. शकील तांबोळी हे एक साक्षीदार आधीच ठरले होते. दुसरे म्हणून मी सोसायटीतल्या कोणाला तरी बोलावणार होतो. चैतालीबाईंनी सांगितले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार न झालेले बरे. आई कोचावर बसून ऐकत होती. म्हणाली, "मग माझं ते खोलीचं खोडून टाक. मी करते सही."

मी म्हणालो, "आई, ते तुझ्यासाठीच..."

"मला काही मिळायला नको. मला सही करायची आहे."

चैतालीबाईंनी समजावून पाहिले. "आजी, साक्षीदार जरा तरुण असलेला बरा. उद्या कोर्टाने बोलावलं तर..."

"बोलावू दे. कोर्ट तेवढं बघायचं राहिलंय माझं."

मी सुरुचीकडे पाहिले. तिला माझ्याशी बोलायचे नव्हते, म्हणून ती आईशीच बोलली. "खोडा हो आई बिनधास्त. त्या खोलीतून तुम्हाला कोण काढतंय ते मी बघते."

त्याप्रमाणे कलम ३ आईच्या सांगण्यावरून खोडले आहे. खोडलेल्या जागी माझी सही आहे.

हे मृत्युपत्र मी पुन्हा एकदा वाचले. त्यातला मजकूर माझा आहे आणि खरा आहे. ते मी दोन्ही साक्षीदारांच्या समोर, सुरुची आणि चैतालीबाई हजर असताना सही करून पुरे करत आहे.

ठिकाण: कोथरूड, पुणे
दिनांक: १७ फेब्रुवारी २०२६, दुपारी साडेतीन

(सही) केदार अनंत खांबेटे

साक्षीदार १. शकील तांबोळी, वय एकसष्ट, धंदा फ्रेमा बनवण्याचा, नारायण पेठ, पुणे. केदाररावांनी माझ्यासमोर सही केली. मी त्यांना चाळीस वर्षे ओळखतो. त्यांची लॅब आणि माझे दुकान यांच्यात भिंत एकच आहे.
(सही) शकील तांबोळी

साक्षीदार २. कुसुम अनंत खांबेटे, वय चौऱ्याऐंशी, राहणार वरीलप्रमाणे. केदारने माझ्या डोळ्यांदेखत सही केली. मी त्याचा हात धरला नाही. सही त्याची त्यानेच केली आहे.
(सही) कुसुम अनंत खांबेटे